भाडं दिलं होतं का?

मंडळी, मध्यंतरी मुंबईहून भाचीचा फोन आला. मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीने ती ऑफिसातून घरी येत होती. टॅक्सी पुढच्या ट्रकवर आदळली आणि तिच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, दीड महिना रजा. टॅक्सीवाल्या कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, आम्ही फक्त चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देतो, गाडी आमची नाही. भाची विचारत होती, "मामा, मग मी भांडू कोणाशी?"

मी वकील नाही. मराठीतून बी.ए. केलेला, आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवलेला मास्तर. पण हा प्रश्न मला नवा नाही. १९९८ च्या पावसाळ्यात आमच्याच वाटेवर तो माझ्यासमोर आला होता आणि तेव्हा मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं. ते आज सांगणार आहे. पण मास्तरच तो, आधी थोडा इतिहास सांगितल्याशिवाय कसा राहील?

जुन्या इंग्लंडात गंमतच होती. गाडीखाली माणूस मेला तर ती गाडी किंवा तिची किंमत राजाच्या नावे जमा व्हायची. मेलेल्याच्या बायकापोरांना काही नाही! कायदा म्हणे, माणूस गेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर गेला. रेल्वे आली, माणसं मरू लागली, तेव्हा कुठे १८४६ मध्ये हे बदललं आणि घरच्यांना भरपाई मागता येऊ लागली. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ला धावली आणि १८५५ मध्ये तसाच कायदा हिंदुस्थानात आला.

मोटारी आल्यावर नवी अडचण उभी राहिली. कोर्टात जिंकलात तरी ड्रायव्हरच्या खिशात असतं काय? म्हणून १९३९ च्या मोटार कायद्यात विम्याची सक्ती लिहिली गेली आणि १९४६ पासून ती अंमलात आली. तरी दिवाणी कोर्टाचा खर्च आणि वर्षानुवर्षांच्या तारखा होत्याच. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. जखमी माणसाने साधा अर्ज करायचा, बस्स.

पण चूक कोणाची हे सिद्ध करायचं ओझं जखमी माणसावरच राहिलं. मुंबईच्याच एका प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निष्काळजीपणा सिद्ध केल्याशिवाय भरपाई नाही. मग १९८२ मध्ये संसदेने कायदा बदलला. चूक कोणाचीही असो, मृत्यूला १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये. १९८८ च्या नव्या कायद्याने आणि १९९४ च्या दुरुस्तीने ते आकडे ५० हजार आणि २५ हजार झाले.

आता आमच्या वाटेवर या. महाडहून नाते, कोंझर, पाचाड करत रस्ता आमच्या हिरकणीवाडीला येतो. रोपवे सुरू झाला १९९६ ला, त्यानंतर पाहुणे वाढले. एसटीच्या फेऱ्या मोजक्या. चुकली की वडाप. जीपमध्ये पुढे चार, मधे पाच, मागे सहा आणि पायरीवर लोंबकळणारे वेगळे. जीपच्या पाटीवर खाजगी नंबर, भाडं मात्र रोख. पोलिसांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, सगळ्यांनाच ठाऊक.

त्या दिवशी कोंझरच्या पुढे एका वळणावर जीप घसरली आणि गटारात कलंडली. माझा पाय मोडला. माझ्या शेजारी वाडीतलीच एक मावशी होती. गडावर येणाऱ्यांना दही-ताक विकायची. तिचं उजवं मनगट आणि कोपर दोन्ही गेलं. चालवणारा पोरगा माझा जुना विद्यार्थी. दवाखान्यात माझ्या पायाशी बसून रडला. म्हणाला, "गुरुजी, भाडं घेतलं म्हणालात तर मी संपलो. आम्ही ओळखीचे, सहज बसलो होतो, एवढंच सांगा."

मी तसं सांगितलं. जबाबाखाली सही केली. मास्तरांनीच सांगितलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही तसंच सांगितलं.

पुढे काय झालं ते समजायला कायद्यातला एक बारीक फरक बघायला हवा. भाड्याने चालणाऱ्या परवानाधारक गाडीतला प्रवासी सक्तीच्या विम्यात येतो. खाजगी गाडीत फुकट बसलेला माणूस येत नाही, त्याच्यासाठी मालकाने जास्तीचा विमा घेतलेला असावा लागतो. आमच्या जीपला नुसता सक्तीचाच विमा होता.

मावशीचा अर्ज उभा राहिला तेव्हा विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, "भाडं दिलं होतं का?" दिलं म्हणावं, तर खाजगी गाडी भाड्याने चालवून मालकाने विम्याची अट मोडली. नाही म्हणावं, तर फुकटच्या प्रवाशाला विमाच नाही. इकडे आड तिकडे विहीर. पण दोन्ही खड्डे सारख्या खोलीचे नव्हते. मालकाने अट मोडली असली तरी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, अशी वाट न्यायालयं काही प्रकरणांत काढत होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी स्पष्ट केली. खरं बोललो असतो तर मावशीला निदान ते दार ठोठावता आलं असतं. माझ्या सहीने ते बंद झालं.

दुसरा प्रश्न होता कमाईचा. "महिन्याचं उत्पन्न किती?" मावशी गप्प. मग म्हणाली, "म्हशीला विचारा." कोर्टात हशा पिकला. पण पावती नाही, वही नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. १९९४ च्या तक्त्यात, ज्याची कमाईच नाही त्याचं वर्षाचं उत्पन्न १५ हजार धरायचं असं लिहिलं होतं. पहाटे चारला उठून धार काढणारी, डोक्यावर मडकी घेऊन चढणारी ही बाई कमाई नसलेल्यांच्या रांगेत बसली. सहा वर्षांनी हुकूम झाला तो एकट्या मालकावर. त्याच्याकडे होती मोडकी जीप. त्याने हप्त्याहप्त्याने थोडेफार दिले, मग तेही थांबले.

आणि मी? मला वैद्यकीय रजा मिळाली, पगार चालू राहिला. पाय बरा झाला, खडूही हातात आला. मी दावा केलाच नाही, गरजच पडली नाही. मावशीला मात्र पुन्हा धार काढता आली नाही.

त्यानंतरचे निकाल मी पेपरात वाचत आलो, कात्रणं काढत आलो. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत महिना तीन हजार धरली. २०१० मध्ये आणखी एका निकालात, जनगणनेत गृहिणींना भिकाऱ्यांच्या रांगेत बसवण्यावर न्यायमूर्तींनी खडे बोल सुनावले. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरने लिहिलेला अपंगत्वाचा टक्का आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी. हात गेला तर सुताराचं सगळंच जातं, कारकुनाचं कदाचित नाही. तो अर्जदार होता चीज विकणारा! वाचताना मला मावशीच दिसली. माझा पाय आणि तिचा हात यांतला फरक न्यायालयाला कळला, पण तिचा निकाल लागून कितीतरी वर्षं झाल्यावर.

भाचीला मी म्हटलं, बाई, तू आमच्यापेक्षा बऱ्या जागी आहेस. तुझ्या गाडीला टॅक्सीचा परवाना आहे, म्हणजे तू विम्यातली प्रवासी. अर्ज गाडीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर कर. ट्रकवाल्याची चूक असेल तर त्यांनाही सामील कर. मोबाईलवाली कंपनी काहीही म्हणो, तिच्या पावतीवर तुझं नाव, वेळ, गाडीचा नंबर आणि भाडं आहे. आमच्याकडे नेमकं तेच नव्हतं. पोलिसांतली नोंद, दवाखान्याची बिलं, रजेचा दाखला, सगळं जपून ठेव. तू राहतेस तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली, ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, पण आपण त्यावर विसंबू नये. आणि जे घडलं तेच सांग. टॅक्सीवाला भला असला तरी त्याच्यासाठी एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस.

"एवढं ठासून का सांगताय, मामा?" तिने विचारलं. तेव्हा तिला ही गोष्ट सांगितली. घरातही आजवर कोणाला सांगितली नव्हती.

आमच्या वाडीचं नाव जिच्यावरून पडलं ती हिरकणीही दूधच विकायची. दरवाजे बंद झाले म्हणून बाळासाठी अंधारात कडा उतरली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं आम्ही पोरांना शिकवतो. बुरूज मिळाला हे खरं. त्या दिवशी तिचं दूध किती रुपयांचं होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मावशी आता नाही. पोरगा मुंबईला असतो, दिवाळीला येतो, पाया पडतो. मी त्याला दोष देत नाही. त्याने विनवणी केली होती, सही माझी होती.

असो. तुमच्यापैकी कोणी वडापमधून फिरला असाल तर आठवणी जरूर लिहा. आणि गाडीत बसताना पावती मागत जा.