कचेरी सांभाळून केलेलं शाकुंतल

आजचा भाग संगीत नाटकावर आहे, पण घाबरू नका, मी गाणार नाहीये.

तुमच्याकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच आहे. "दादा, मी आयटीत आहे. एकांकिका लिहितो, स्टेजवर कामही करतो. लेखक व्हायचं की नट? की नोकरीच सोडू?" मी स्वतः बीटेक केलेला, दिवसा कोड लिहिणारा आणि रात्री हे रेकॉर्ड करणारा माणूस. त्यामुळे मला याचं उत्तर माहीत असणार असं तुम्हाला वाटतं. उत्तराऐवजी माझ्याकडे एक गोष्ट आहे. दीडशे वर्षांपूर्वी अगदी याच पेचात असलेल्या एका सरकारी नोकराची.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणायचे. किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला पंप आठवतात, आणि गंमत म्हणजे ते कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करही याच गावचे: बेळगावकडचं गुर्लहोसूर. एका छोट्या गावातून एक इंजिनाचा माणूस निघाला आणि त्याच्या आधी एक नाटकाचा. अण्णासाहेबांचा जन्म १८४३ चा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, म्हणजे मराठी नाटक आणि अण्णासाहेब एकाच वयाचे.

आता ते भाव्यांचं नाटक कसं चालायचं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. स्टेजवर सूत्रधार उभा. गाणं सगळं त्याच्याकडे. कथा तो पदांतून सांगणार आणि पात्रं येऊन आपापलं गद्य बोलणार, तेही बरंचसं आयत्या वेळी सुचेल तसं. राक्षस आले की आरडाओरडा, तलवारी, धिंगाणा. लिहिलेली, पाठ केलेली पक्की संहिता हा प्रकारच जवळपास नव्हता. आणि संहिता नाही म्हटल्यावर आपण ज्याला नाटककार म्हणतो, त्याला तिथे काम काय?

अण्णासाहेब शिकायला पुण्यात आले आणि नाटकाच्या नादी लागले. शिक्षण राहिलं बाजूला. (तेव्हाचे आईवडील काय म्हणाले असतील ते आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे.) फिरत्या नाटक मंडळ्यांना पदं रचून दे, प्रसंग लिहून दे, अशी कामं त्यांनी केली. स्वतःची भारतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली, ती टिकली नाही. मग बेळगावला शाळेत मास्तरकी. १८७३ साली 'शांकरदिग्जय' नावाचं गद्य नाटक लिहिलं. त्यानंतर पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी.

हे आजच्या प्रोफाइलवर टाकलं तर कसं दिसेल? शिक्षण अर्धवट, एक बंद पडलेली कंपनी, शिक्षक, सरकारी कर्मचारी, अधूनमधून लेखन. एचआरवाला विचारेल, "मध्ये इतकी धरसोड का?" मला मात्र ती धरसोड वाटत नाही. मंडळ्यांना पदं लिहून देताना कोणत्या ओळीला प्रेक्षक डोलतो ते कळलं असणार. मंडळी बुडाल्यावर पैसा कुठे गळतो ते कळलं असणार. आणि मास्तरकीने तर तालीम घ्यायला शिकवलं असणार, कारण पोरांकडून पाठ करून घेणं आणि नटांकडून पाठ करून घेणं यात फार फरक नसावा. हा माझा अंदाज, पण पुढे जे झालं ते बघता तो फार चुकीचा नाही.

१८८० साली पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा गाण्यांनी भरलेला उर्दू खेळ त्यांनी पाहिला. असं आपल्या मराठीत का नाही, हा प्रश्न डोक्यात बसला. मग त्यांनी हाताशी घेतलं थेट कालिदासाचं शाकुंतल. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव थिएटरात पहिला प्रयोग झाला. किती अंकांचा? सातपैकी चार! बाकीचे तीन नंतर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर आधी चालेल एवढं रिलीज केलं, लोक काय म्हणतात ते पाहिलं, मग पुढचं. बरं, हा योगायोग म्हणावा तर 'सौभद्र'ही १८ नोव्हेंबर १८८२ ला पहिल्यांदा आलं ते तीनच अंकांचं. कचेरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला पूर्ण नाटक होईपर्यंत थांबणं परवडत नसावं.

पहिल्या प्रयोगाच्या वेळी अण्णासाहेब सदतीस वर्षांचे होते आणि नोकरीतच होते. "पंचवीस झालो, आता उशीर झाला" असं मेसेजमध्ये लिहिणाऱ्यांनी हा आकडा दोनदा ऐकावा.

आता खरा मुद्दा. या नाटकात त्यांनी काय काय केलं? भाषांतर त्यांचं. पदं त्यांची, तीही दोनशेच्या घरात. चाली बसवल्या, तालमी घेतल्या, आणि सूत्रधार म्हणून स्वतः उभे राहिले. लेखक, दिग्दर्शक, नट, मंडळीचे मालक. आज आपण याला 'मल्टिटॅलेंटेड' म्हणून टाळ्या वाजवतो आणि मोकळे होतो. पण हे सगळं एकाच माणसाकडे असण्याला एक कारण होतं. त्यांनी नाटकाची रचनाच बदलली होती: गाणं सूत्रधाराच्या गळ्यातून काढून ज्याच्या त्याच्या पात्राला दिलं. दुष्यंताचं दुष्यंताने गायचं, कण्वाचं कण्वाने. असं केलं की लिहिणाऱ्याला समोरचा गळा माहीत असावाच लागतो. दुष्यंत झालेले मोरोबा वाघोलीकर आणि गायक नट बाळकोबा नाटेकर यांचा दम किती, कोणती जागा कोणाला शोभेल, हे तालमीत बसल्याशिवाय कसं कळणार? आणि गद्यातून पदात शिरताना नटाचं काय होतं, ते स्वतः तोंडाला रंग लावल्याशिवाय कसं कळणार?

चालींचंही तसंच. कीर्तनातली साकी, दिंडी, लावणीचा ठेका, रागदारी, आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या कर्नाटकी चाली. सीमेवरच्या गावात वाढल्याचा हा फायदा. पुण्यातच जन्मलेल्या एखाद्याला ते सुचलं असतं का, मला शंका आहे. (पुणेकरांनो, कमेंटमध्ये भेटू.)

'सौभद्र' तर मला शाकुंतलापेक्षा जास्त आवडतं. कथा महाभारतातली, पण नाटक त्यांचं स्वतःचं. बलरामदादाने बहिणीचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, बहिणीला अर्जुन हवाय, आणि धाकटा भाऊ कृष्ण वरवर साळसूद राहून सगळी सूत्रं हलवतोय. अर्जुन संन्याशाच्या वेषात त्याच घरात मुक्कामाला. देवांची गोष्ट असून बोलणं मात्र वाड्यातल्या माणसांचं. सुभद्रा झाले भाऊराव कोल्हटकर, बडोद्याहून आणलेला तरुण गळा, आणि लोक त्या आवाजासाठी अक्षरशः वेडे झाले.

'झाले' म्हटलं ते लक्षात आलं ना? शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष. लिहायचं, गायचं आणि उभंही राहायचं, ही मोकळीक या मंडळ्यांत बाईला नव्हती. हिराबाई पेडणेकर १८८५ साली जन्मल्या. त्या उत्तम गायच्या, नाटकं लिहायच्या, पदांना चाली द्यायच्या. त्यांचं 'संगीत दामिनी' १९१२ च्या सुमाराला केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने केलं. पण त्यांनीच लिहिलेल्या बाईच्या भूमिकेत उभा राहणार पुरुषच. अण्णासाहेबांच्या अंगात चार कला होत्या हे खरं, पण चारही दारं त्यांना उघडी होती हेही तितकंच खरं.

१८८५ हेच अण्णासाहेबांच्या मृत्यूचं वर्ष. २ नोव्हेंबर. वय बेचाळीस. त्याआधीच्या ऑक्टोबरात 'रामराज्यवियोग'चे तीन अंक रंगमंचावर आले होते. यावेळी पुढचं रिलीज आलंच नाही, ते नाटक तसंच राहिलं. पहिल्या शाकुंतलापासून मोजलं तर हातात जेमतेम पाच वर्षं मिळाली. आधीची वीस-बावीस वर्षं, जी आपण वाया गेली म्हणू, ती धरली तरच या पाच वर्षांचा हिशोब लागतो.

मंडळी मात्र थांबली नाही. बेळगावच्या शाळेतला त्यांचा एक विद्यार्थी होता, गोविंद बल्लाळ देवल. तोही लिहायचा, कामं करायचा, आणि तालीम मास्तर म्हणून तर त्याचा दरारा होता. म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या लहान मुलीच्या लग्नावरचं 'शारदा' १८९९ साली त्याने याच किर्लोस्कर मंडळीला दिलं. 'संशयकल्लोळ'चा किस्सा आपल्या लोकांना आवडेल: आधी ते 'फाल्गुनराव' नावाचं गद्य नाटक होतं, मग देवलांनी त्यात पदं घालून १९१६ मध्ये नवी आवृत्ती काढली. त्याच वर्षी ते गेले. जुना कोड इतका छान परत वापरलेला मी तरी पाहिलेला नाही.

तर एकांकिकावाल्या मित्रा, लेखक की नट हा प्रश्न अण्णासाहेबांना पडल्याचं मला कुठे दिसत नाही. नोकरीचं विचारशील तर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये राहू दे आणि आधी मला सांग, तुझे चार अंक तयार आहेत का?

पुढच्या भागात भाऊराव कोल्हटकर. तोवर 'सौभद्र'चा प्रयोग जवळपास कुठे लागला तर बघून या. नाही लागला तर निदान त्यातली पदं ऐका, पण प्लीज दीडच्या स्पीडवर नको.