तारलीची रोजकीर्द

मासळी हटली की दोष कोणाचा, जाळ्याचा की दर्याचा, हा वाद किनाऱ्यावर फार जुना आहे. श्रोतेहो, कॅलिफोर्नियात तो एकदा फार महाग पडला.

१९३० नंतरच्या दशकात तेथील माँटेरे बंदर सार्डिन मासळीवर जगत होते. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच दूरची बहीण. १९३६-३७ च्या हंगामात अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळून सात लाख टनांहून अधिक सार्डिन उतरली. पुष्कळशी तर तेल नि खत करण्यासाठीच कारखान्यांत जाई! राज्य सरकारच्या मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस क्लार्क सांगत होत्या, की मर्यादा घाला. केंद्राच्या शास्त्रज्ञांचे म्हणणे, की चढउतार समुद्राच्या लहरीने होतात. युक्तिवाद दोघांजवळ होते. नव्हती ती समुद्राची नोंद. महायुद्ध संपते न संपते तोच मासळी नाहीशी झाली.

मग १९४९ पासून स्क्रिप्स संस्था, राज्य आणि केंद्र यांनी मिळून पाहणी आरंभिली. खर्चाचा काही भार मासळीवरील कराने उचलला. नकाशावर ठिकाणे कायमची आखून घेतली. तेथे पुनःपुन्हा जावयाचे, पाण्याची उष्णता व क्षारता मोजावयाची आणि बारीक जाळे ओढून अंडी व पिले गोळा करावयाची. मोठा मासा जाळ्याला हुलकावणी देतो, अंड्याला ते साधत नाही. अंड्यांवरून मातापित्यांच्या संख्येचा अदमास बांधता येतो.

आपल्याकडे १९५९ ते १९६५ या काळात हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली आणि १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली. परंतु मोहीम म्हणजे एकदा काढलेले चित्र. रोजकीर्द ही निराळी वस्तू आहे.

अशा कीर्दीला पैसा पुरविण्याचा कंटाळा लौकर येतो. १९६९ नंतर कॅलिफोर्नियातील पाहणी तीन वर्षांतून एकदाच नीट होऊ लागली, आणि १९७६-७७ मध्ये पॅसिफिकने नेमकी कूस बदलली; पाणी उबदार झाले. त्या पानावरचे रकाने आता कितीही द्रव्य ओतले तरी भरता येणार नाहीत.

जुन्या वादाचा निवाडा मात्र गमतीदार झाला. सांता बार्बारा खोऱ्यातील प्राणवायुहीन गाळात माशांचे खवले थरांवर थर साठले आहेत. सुमारे १७०० वर्षांचे ते थर तपासता दिसले, की माणसाने मोठी जाळी टाकण्यापूर्वीही सार्डिन अनेकदा ओसरली व पुन्हा वाढली होती. तेव्हा केंद्राचे शास्त्रज्ञ अगदीच चुकले नव्हते. पण ओहोटीच्या काळात भरतीइतकीच मासळी उपसावी, असा त्याचा अर्थ कोठे होतो?

१९९० नंतरच्या दशकात पाण्याचे तापमान मासेमारीच्या सूत्रातच घातले गेले: पाणी उबदार तर वाटा मोठा, थंड तर लहान. आरंभी स्क्रिप्सच्या धक्क्यावरचे तापमान घेत. पुढे ते पुरेसे विश्वसनीय वाटेना, म्हणून १९४९ च्या पाहणीतील आकडे घेतले. २०१५ मध्ये साठा घटलेला दिसताच मोठी मासेमारी थांबविण्यात आली. पाहणीची जहाजे मात्र वर्षातून चार वेळा त्याच ठिकाणी जातच आहेत.