नागदोष व बीजनाश : एका श्लोकक्रमाचा विचार

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत वैद्यकाचीं बाडें पुष्कळ सांपडतात, व त्यांत वाजीकरणाचे पाठ हटकून असतात. नाग म्हणजे शिसें व वंग म्हणजे कथील. यांचीं भस्में त्या पाठांत वारंवार येतात. नाग शंभर नागांचें, म्हणजे हत्तींचें, बळ देतो असें भावप्रकाशांत म्हटलें आहे. येथें श्लेषानें ग्रंथकारास मोहविलें असावें. उलट, नीट न मारलेल्या नागवंगांपासून रोग होतात असेंही तोच सांगतो.

शिशानें पुरुषाचें बीज नासतें हें आपल्या रसशास्त्रास पूर्वींच ठाऊक होतें काय? रसेंद्रसारसंग्रहांतील पारददोषांचे श्लोक वाचून 'होय' म्हणण्याचा मोह होतो. तेथें नाग, वंग, मल, वह्नि, चांचल्य, विष, गिरि व असह्याग्नि असे आठ दोष सांगून व्रण, कुष्ठ, जाड्य, दाह, वीर्यनाश, मरण, जडता व स्फोट हीं आठ फळें 'क्रमात्' दिलीं आहेत. हें पद पादपूरणार्थ नव्हे. यथासंख्य अन्वय लावला म्हणजे वीर्यनाश पांचव्या दोषाकडे, चांचल्याकडे, जातो. नागाच्या वांट्यास व्रण येतो. सबब दूषित पाऱ्यानें वीर्यहानि होते एवढेंच ग्रंथकाराचें मत ठरतें. शिशाबद्दल तसें म्हणणें म्हणजे पूर्वजांच्या पदरीं न मिळविलेलें यश बांधणें होय.

तें ज्ञान इतरत्र व फार उशिरां झालें. फ्रान्समध्यें कोंस्तांतँ पॉल यानें १८६० सालीं शिशाच्या कामगारांच्या कुटुंबांतील गर्भपात नोंदले. केवळ पतीच शिशांत काम करी अशींही उदाहरणें त्यांत होतीं. पुढें १९७५ सालीं रुमानियांतील संशोधकांनीं विद्युत्संचयाच्या कारखान्यांतील पुरुष तपासले, तेव्हां शुक्रबीजांची संख्या, गति व आकृति या तिहींत बिघाड आढळला.

भस्म केल्यानें शिशाचें रूप पालटतें, शिसें नाहींसें होत नाहीं. शरीरांत गेलेलें तें हाडांत सांचून राहतें. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदीय औषधांची अमेरिकेंत तपासणी झाली, तिचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें एकपंचमांश औषधांत शिसें, पारा वा सोमल सांपडला. म्हणून बाडांतील सुटें पान 'अनुभूत योग' म्हणून कोणाच्या हातीं देणें आम्हांस गैर वाटतें. छापावयाचें तर शोधनमारणाच्या पानांसह, इतिहासाचें साधन म्हणून छापावें. रसेंद्रसारसंग्रहाची पोथी ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं वरील श्लोकांत पाठभेद आहे काय, विशेषतः 'क्रमात्' या पदाचे ठायीं, तें पाहून मंडळास कळवावें.