एइबारचे भागधारक

२०१४ च्या मे महिन्यात स्पेनमधील एइबार या गावाच्या फुटबॉल क्लबाने पहिल्या विभागात, म्हणजे ‘ला लीगा’त, प्रवेश मिळवला. गावाची वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास. अख्खे गाव बार्सिलोनाच्या स्टेडियममध्ये नेऊन बसवले असते, तरी जवळजवळ तीन चतुर्थांश खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. क्लबावर कर्ज नव्हते. तरीही त्याच्यापुढे अट उभी राहिली : ६ ऑगस्टपर्यंत सुमारे १७ लाख २४ हजार युरोंचे जादा भांडवल उभे करा, नाहीतर थेट तिसऱ्या विभागात जा.

मी फुटबॉलचा अभ्यासक नाही. कामगारांच्या सहकारी कारखान्यांविषयी वाचत असताना ‘आल्फा’ या शिलाई यंत्रांच्या नावापाशी एइबार भेटले आणि तिथून मी या क्लबापर्यंत आलो. या क्रमामुळेच असेल, २०१४ च्या त्या उन्हाळ्याकडे पाहताना मला मैदानापेक्षा गावातले कारखाने आधी दिसतात.

आधी ती अट समजून घेऊ. १९८० च्या दशकात स्पेनमधील बहुतेक मोठे क्लब कर्जात बुडाले होते. १९९० च्या क्रीडा कायद्याने व्यावसायिक क्लबांना भागभांडवलाच्या कंपन्या होणे भाग पाडले. रेयाल माद्रिद, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना या चौघांना तेवढी सूट मिळाली. पुढे १९९९ च्या एका शासकीय आदेशाने भांडवलाची किमान मर्यादा ठरवली. तिचे माप होते दुसऱ्या विभागातील क्लबांच्या सरासरी खर्चाच्या एक चतुर्थांश. म्हणजे इतरांनी किती खर्च केला, त्यावर तुमची पात्रता ठरणार. या हिशेबाने एइबारला सुमारे २१ लाख ४६ हजार युरो हवे होते. त्याचे भांडवल होते सुमारे ४ लाख २२ हजार. उधळपट्टीला लगाम घालण्यासाठी केलेला नियम बेताने संसार करणाऱ्याच्याच गळ्याशी आला.

आता गाव. बास्क प्रदेशातील गिपुझ्कोआ प्रांतात, डोंगरांच्या अरुंद घळीत एइबार वसले आहे. शेतीला सपाट जमीन नाही. लोखंडावरच गाव जगले. कित्येक शतके इथे बंदुका घडत. एका घरात नळी, दुसऱ्यात चाप, तिसऱ्यात दस्ता, अशी कामाची वाटणी होती. शेजाऱ्याचे काम चोख नसेल तर आपलेही वाया, हे ज्ञान या गावाला पुस्तकातून मिळालेले नाही. विसाव्या शतकात शस्त्रांची मागणी घटली तेव्हा त्याच हातांनी सायकली आणि शिलाई यंत्रे बनवली. ‘ओर्बेआ’ ही सायकल मूळची एका बंदूक कारखान्याची. ‘आल्फा’ १९२० मध्ये संपानंतर धातुकामगारांनीच सहकारी तत्त्वावर उभी केली. आधी शस्त्रे, मग शिलाई यंत्रे.

हे समाजवादी कामगारांचे गाव. १४ एप्रिल १९३१ च्या पहाटे स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा सर्वांत आधी इथे झाली. त्याची किंमतही गावाने मोजली. यादवी युद्धात, १९३७ च्या एप्रिलमध्ये, बॉम्बहल्ल्यांनी गावाचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९४० मध्ये, गावातले दोन संघ एकत्र येऊन आजचा क्लब जन्मला. १९४७ मध्ये इपुरुआचे मैदान झाले. चढावरच्या त्या मैदानाला राहत्या इमारती इतक्या खेटून आहेत की काहींच्या बाल्कनीतून सामना दिसतो.

असा क्लब बड्यांना विकून टाकणे सोपे होते. कुणी एक धनिक आला असता आणि काम एका सहीत झाले असते. क्लबाने उलटी वाट धरली. भाग सर्वांसाठी खुले केले आणि एका व्यक्तीला एक लाख युरोंहून अधिक भाग घेता येणार नाहीत, असे ठरवले. एकेकाळी इथे उसनवारीवर खेळून गेलेले झाबी आलोन्सो आणि दाविद सिल्वा पाठीशी उभे राहिले. देशोदेशींहून पन्नास-शंभर युरोंचे भाग घेणारे पुढे आले. रक्कम मुदतीच्या आत जमली आणि भागधारकांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली.

‘आल्फा’च्या कामगारांचा आणि २०१४ च्या या मोहिमेचा थेट धागा कागदोपत्री दाखवता येईल, असा माझा दावा नाही. ‘आल्फा’त कामगार मालक होते, इथे बहुतेक भागधारकांनी एइबार पाहिलेलेही नसेल. पण संकटात मालकी एका हाती सोपवण्याऐवजी ती वाटून घ्यायची, हा विचार या गावाला परका नव्हता, एवढे म्हणता येते.

२४ ऑगस्टला इपुरुआवर पहिल्या विभागातला पहिला सामना झाला. शेजारचा बडा संघ रेयाल सोसिएदाद एका गोलने हरला. मात्र मोसमाअखेर एइबार अठराव्या स्थानी घसरले, म्हणजे खाली जाणे ठरलेलेच. तेवढ्यात वरच्या क्रमांकावरील एल्चे या क्लबाला थकवलेल्या करांमुळे खाली पाठवण्यात आले आणि एइबार तरले. आदल्या वर्षी ज्या हिशेबाने त्याला अडवले, त्याच हिशेबाच्या दुसऱ्या पानाने त्याला वाचवले.

पुढे सलग सात मोसम हा संघ तिथे टिकला. नोव्हेंबर २०१८ मध्ये इपुरुआवर रेयाल माद्रिदला ३–० असे हरवलेही. २०२१ मध्ये तो तळाला जाऊन दुसऱ्या विभागात परतला. मैदानावर हरलेला क्लब पुन्हा वर येऊ शकतो. कर्जापायी विकलेला क्लब मात्र गावाला परत मिळेलच असे नाही. एइबारने २०१४ मध्ये पहिल्या विभागातली जागा राखली, असे सगळेच सांगतात. माझ्या मते त्याने राखली ती मालकी.