कौटुंबिक छळ आणि कायद्यातील ‘क्रूरता’

घरातील स्त्रीच्या छळाचा इतिहास लिहिताना सुधारकांच्या ग्रंथांचा आधार आपण नेहमी घेतो. न्यायालयांचे निवाडे त्या मानाने उपेक्षित राहिले आहेत. वस्तुतः मार खाणाऱ्या पत्नीच्या पदरी काय पडावयाचे, हे दीर्घकाळ ‘क्रूरता’ या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून होते, आणि तो अर्थ मुळात येथे घडलेला नव्हता.

लंडनच्या धर्मन्यायालयात १७९० साली ईव्हान्स दांपत्याच्या खटल्यात सर विल्यम स्कॉट यांनी तो निश्चित केला. शरीराला इजा होण्याची वाजवी भीती हवी. नुसते मन दुखावणे बहुधा पुरेसे नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १८६७ मध्ये बजलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम या बंगालमधील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, याबाबत मुसलमानी कायदा इंग्रजी कायद्याहून फारसा वेगळा नसावा, असे मानले. पुढे १८७६ मध्ये यमुनाबाई विरुद्ध नारायण मोरेश्वर पेंडसे या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तेच माप हिंदू पत्नीलाही लावले.

हे दावे पतींचे होते, हे विसरता कामा नये. पत्नी निघून गेली की तिला परत पाठवावे, असा हुकूम पती मागे. क्रूरता हा तिचा केवळ बचाव. तो सिद्ध झालाच, तर न्यायालय तिला परत पाठवीत नसे, एवढेच. मग तिने राहावे कोठे? पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) व कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) यांच्या स्थापनेमागे प्रामुख्याने विधवांचा प्रश्न होता. पती हयात असलेल्या स्त्रीला आसरा माहेरचा, आणि माहेरचे दार तिच्यासाठी नेहमी उघडे असेच असे नाही. निवाड्यांत या गोष्टीचा शोध घेणे व्यर्थ आहे; पण त्यांचा अर्थ लावताना ती ध्यानी ठेवावीच लागते.

१९४६ च्या कायद्याने हिंदू पत्नीला स्वतंत्र निवासाचा व पोटगीचा हक्क देताना सहवास ‘असुरक्षित’ किंवा ‘अनिष्ट’ ठरविणारी क्रूरता पुरेशी मानली. ‘अनिष्ट’ या शब्दाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याचा अर्थ लावताना जुने इंग्रजी माप बाजूला सारले. गंमत अशी की, त्या खटल्यात क्रूरतेची तक्रार पतीची होती. १९८३ मध्ये कलम ४९८-अ आले आणि पत्नीचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरून त्यात मानसिक आरोग्याचाही अंतर्भाव झाला.

२००५ च्या कायद्याने शारीरिक व लैंगिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक हिंसाही नोंदविली. परंतु खरा पालट कलम १७ मध्ये आहे. स्त्रीला परत पाठवावे की नाही, हा प्रश्नच तेथे उरत नाही. मालकी कोणाचीही असो, सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क मान्य होतो, आणि कलम १९ नुसार हिंसा करणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जाण्याचा आदेश देता येतो. मात्र पत्नीने परत यावे म्हणून दावा लावण्याची मुभा देणारे हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरविले आणि २००५ च्या कायद्यानेही त्याला हात लावलेला नाही.