मारेम्मा : राखणदार पिल्लाची जोपासना

मारेम्मा हा मेंढरांच्या कळपाची राखण करणारा इटालियन कुत्रा. मध्य इटलीतील आब्रुत्सोचे डोंगर आणि पश्चिम किनाऱ्यालगतचा मारेम्मा हा सखल प्रदेश, असा त्याचा दुहेरी मुलूख. या जातीचे पहिले प्रमाण १९२४ साली लिहिले गेले. १९५८ पर्यंत डोंगरातली आणि मैदानातली कुत्री दोन निराळ्या जाती धरल्या जात. प्रत्यक्षात कळप उन्हाळ्यात वर आणि हिवाळ्यात खाली येत, कुत्रीही त्यांच्याबरोबर येत, तेव्हा हा भेद बव्हंशी कागदावरच होता. पूर्ण वाढीचा नर ६५ ते ७३ सेंमी. उंच व ३५ ते ४५ किग्रॅ. वजनाचा असतो, मादी थोडी लहान. अंगावर दाट, पांढरे केस, कान लोंबते. पूर्वी लांडग्याच्या दातात सापडू नयेत म्हणून मेंढपाळ कान कापत. आता इटलीत त्याला बंदी आहे.

कळपाबरोबर दिसणारा प्रत्येक कुत्रा एकाच कामाचा नसतो. बॉर्डर कॉलीसारखा कुत्रा मेंढ्या वळतो : नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो. हे सगळे शिकारीचेच टप्पे, फक्त चावा घेण्यापूर्वी थांबवलेले. राखणदार कुत्र्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने हे टप्पे मुळातच मंदावले आहेत. तो मेंढ्यांच्या मागे लागत नाही, त्यांच्यात बसून राहतो. अनोळखी हालचाल दिसली की उठतो, भुंकतो आणि कळप व ती हालचाल यांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. बहुतेक वेळा प्रकरण तेवढ्यावरच मिटते. झटापट क्वचित होते.

हा प्रकार जुना आहे. रोमन ग्रंथकार व्हारो याने इ. स. पू. ३७ च्या सुमारास शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात मेंढपाळाच्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अंधारात ओळखता यावा म्हणून कुत्रा पांढरा असावा, पिल्लांना दुधात भिजवलेली जवाची भाकर घालावी, गळ्यात खिळ्यांचा चामडी पट्टा बांधावा आणि मान सोलवटू नये म्हणून पट्ट्याला आतून मऊ चामडे लावावे, असे तो सांगतो. एकदा अशा पट्ट्याने जखमी झालेला लांडगा पट्टा नसलेल्या कुत्र्यांच्याही वाटेला जात नाही, हे त्याचे निरीक्षण. त्याने सांगितलेली एक हकिगत अधिक बोलकी आहे. एका जमीनदाराने दूरच्या अंब्रियातून कळप आणि कुत्री विकत घेतली, मेंढपाळ मात्र घेतले नाहीत. मेंढपाळ कळप पोचवून घरी परतले आणि थोड्याच दिवसांत कुत्रीही, रानात मिळेल ते खात, कित्येक मजलांची वाट तुडवून त्यांच्यामागे अंब्रियात हजर झाली. व्यवहार चोख होता, पण कुत्र्याची बांधिलकी पावतीवर हस्तांतरित होत नाही. पिल्लूपणी ज्यांच्या सोबत वाढला त्यांच्याशीच ती जुळते, आणि जोपासनेचे सारे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत ते ‘आपले कोण’ हे ठरवत असते. अमेरिकेतील मेन राज्यात जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे चालवलेल्या प्रयोगांतून (ग्रंथरूप १९६५) हा संवेदनक्षम काळ स्पष्ट झाला. पुढे मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात रेमंड आणि लोर्ना कॉपिंगर या दांपत्याने इटली, युगोस्लाव्हिया व तुर्कस्तानातून राखणदार कुत्री आणून ती अमेरिकन शेतकऱ्यांकडे ठेवली आणि हे ज्ञान कळपापर्यंत नेले. चांगल्या राखणदाराला त्यांनी तीन कसोट्या लावल्या : मेंढरांना इजा न करणे, त्यांच्याजवळ राहणे आणि संकटात मध्ये पडणे. क्रमही महत्त्वाचा. पहिल्या दोन गोष्टी जमल्या की तिसरी बहुधा आपोआप येते. नवखा मालक नेमका उलटा जातो. पिल्लू गुरगुरले की त्याला कौतुक वाटते, आणि ते कळप सोडून अंगणात येऊन झोपते याकडे लक्ष जात नाही.

म्हणून पिल्लू जन्मावे तेच शक्यतो गोठ्यात, मेंढरांच्या वासात आणि आवाजात. सात-आठ आठवड्यांचे झाले की त्याला चार-सहा शांत मेंढ्यांबरोबर किंवा कोकरांबरोबर लहान, भक्कम कुंपणात ठेवतात. कुंपण महत्त्वाचे, कारण या वयात बाहेर पडून घराकडे धाव घेण्याची सवय लागली तर ती पुढे मोडत नाही. कुंपणातच एक असा आडोसा हवा जिथे पिल्लाला शिरता येईल, पण मेंढीला नाही. तिथे त्याचे अन्नपाणी ठेवायचे. एक तर मेंढ्या ते फस्त करतात, दुसरे म्हणजे अन्नावरून मेंढीवर गुरगुरायची सवय इथूनच लागते. पिल्लांवर धावून जाणारी, कोकरे सांभाळणारी मेंढी या वेळी सोबतीला नको. पहिल्याच आठवड्यात जोराची धडक खाल्लेले पिल्लू मेंढ्यांपासून लांब राहायला शिकते. त्याउलट जरा मोठ्या, दांडगट पिल्लाला शिस्त लावायला अशीच एखादी खमकी मेंढी उपयोगी पडते.

माणसाने पिल्लाला किती हाताळावे यावर बराच वाद झाला. चार्ल्स डार्विनने १८३३ मध्ये उरुग्वेत पाहिलेली पद्धत टोकाची होती : पिल्लू लहानपणीच आईपासून तोडायचे, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला पाजायला लावायचे, लोकरीच्या गादीवर निजवायचे, इतर कुत्र्यांत आणि घरच्या पोरांत मिसळू द्यायचे नाही. असा कुत्रा रोज मांसाचा तुकडा घ्यायला घरी येई आणि लाजल्यासारखा पळ काढी. घरची कुत्री त्याच्या पाठीस लागत, पण कळपापाशी पोचताच तो उलटून भुंके आणि तीच कुत्री माघारी फिरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतही ‘पिल्लाला हातच लावू नका’ असा सल्ला रूढ होता. त्यातून तयार झालेली कुत्री मेंढ्यांशी एकनिष्ठ असली तरी धरता येत नसत. लस टोचणे, जखम धुणे, गाडीत चढवणे, सगळेच अवघड. हा सल्ला आता मागे पडला आहे आणि ते योग्यच झाले. मालकाने रोज पिल्लाला कळपातच भेटावे, तोंड-कान-पंजे तपासू देण्याची, पट्टा-दोरी लावून चालण्याची, बांधून राहण्याची सवय लावावी. लाड मात्र कुंपणाच्या आत. चेंडू फेकणे, घरात घेणे, मुलांबरोबर धावाधाव या गोष्टी टाळाव्यात.

आज्ञापालनाचे धडे थोडेच. नाव, ‘ये’ आणि ‘नाही’ एवढे पक्के झाले तर पुष्कळ. हल्ला करायला शिकवणे हा तर शुद्ध मूर्खपणा. हा कुत्रा दिवसरात्र माणसाच्या नजरेआड, स्वतःच्या निर्णयाने काम करतो. त्याला चिथावणीची सवय लावली तर तिची किंमत वाटसरूला मोजावी लागते.

खरी कसोटी पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पुढे लागते. पिल्लाचा आकार मोठा, अक्कल लहान. ते कोकरांशी खेळू पाहते, लोकर ओढते, कान चघळते, पळणाऱ्या कोकरामागे धावते. द्वेष नसतो, पण कोकरू दगावू शकते, आणि खेळाची चटक लागली तर ती टिकते. या काळात पिल्लू कोकरांत एकटे सोडू नये. पट्ट्याला आडवे लाकूड टांगून धाव रोखण्याची जुनी युक्ती काही ठिकाणी वापरतात. सर्वांत चांगला उपाय म्हणजे शेजारी अनुभवी कुत्रा असणे, कारण पिल्लाचा हूडपणा तो स्वतःच मोडून काढतो. म्हणून जुना कुत्रा धडधाकट असतानाच नवे पिल्लू आणण्याचा रिवाज आहे. दीड ते दोन वर्षांपूर्वी पूर्ण भरवसा टाकता येत नाही. अनेक कुत्री नेमकी या टप्प्यावर ‘बिघडलेली’ म्हणून काढून टाकली जातात, आणखी सहा महिने धीर धरला असता तर त्यांतली बरीच कामाला आली असती.

आब्रुत्सोत या कुत्र्यांना परंपरेने कोंडा, पाव आणि चीज काढल्यावर उरलेली निवळी मिळे. आज मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे संतुलित खाद्य देतात. भरमसाट खाऊ घालून किंवा वरून कॅल्शियम देऊन पिल्लू झटपट वाढवू नये. त्याने हाडे-सांधे बिघडतात. मांडीच्या खुब्याचा दोष या बांध्याच्या कुत्र्यांत आढळतो. डिस्टेंपर, पार्व्हो व रेबीजच्या लसी आणि जंतनाशके वेळेवर हवीत.

इटलीत १९७०च्या दशकाच्या आरंभी लांडगे जेमतेम शंभर उरले होते. १९७१ मध्ये त्यांना संरक्षण मिळाले आणि ते पसरत गेले. १९९२ मध्ये ते फ्रान्सच्या मेर्कांतूर भागात पुन्हा दिसले. आब्रुत्सोत लांडगा कधी संपलाच नव्हता, त्यामुळे कुत्रे वाढवण्याची रीतही टिकली. आल्प्समध्ये मात्र लांडग्याबरोबर ती रीतही गेली होती. कुत्री आणता आली, रीत नव्याने शिकावी लागली. शिवाय आता डोंगरात गिर्यारोहक आणि सायकलस्वार असतात. कळपाला वळसा घालावा, सायकलवरून उतरावे, धावू नये, काठी उगारू नये, असे फलक तिथे लागलेले दिसतात.

मारेम्माला मेंढीच हवी असते असे नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातील वॉर्नंबूलजवळच्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी लाल खोकडे जात आणि छोट्या पेंग्विनांचा फडशा पाडत. २००५ मध्ये दहाहून कमी पेंग्विन उरले होते. कोंबड्या राखणारे मारेम्मा जवळपास होतेच. एका कोंबडीपालकाच्या सूचनेवरून २००६ मध्ये ही कुत्री बेटावर नेली गेली आणि पेंग्विनांची संख्या पुन्हा वाढली. या प्रयोगावर २०१५ मध्ये ‘ऑडबॉल’ हा चित्रपटही निघाला.

घरी पाळायला मारेम्मा अवघड. तो रात्रभर भुंकतो, कारण तेच त्याचे काम. सदनिकेत त्याला राखायला काहीच नसते, मग तो जिना आणि लिफ्ट राखू लागतो. महाराष्ट्राच्या पठारावरील उन्हात एवढ्या दाट केसांचा कुत्रा आणण्यातही फारसे शहाणपण नाही, आणि गरजही नाही. सोलापूर-पुण्याच्या माळरानांवर लांडगे आहेत, तसे धनगरांच्या वाड्यावर कळपाबरोबर हिंडणारे कुत्रेही आहेत. शेतात मेंढरे बसवली की रात्री हे कुत्रे वाड्याच्या कडेला पहाऱ्यावर असतात. त्यांच्या पिल्लांना संगतीची वेगळी सोय करावी लागत नाही. कमी पडतात त्या लसी. गावोगाव फिरणाऱ्या वाड्याला पशुवैद्यकीय दवाखाना नेमाने गाठता येत नाही, आणि डिस्टेंपर किंवा रेबीज कुत्र्यापुरता न राहता माळावरच्या लांडग्यापर्यंतही पोचतो.