सांध्याविना नळी : दख्खनच्या तोफा आणि पोलादी नळ्यांची घडाई

प्रस्तावना
वसमत परिसरात ऊस व हळद ही प्रमुख पिके आहेत. साखर कारखान्याचा बॉयलर असो वा हळद शिजविण्याचे संयंत्र, वाफेचा दाब नळीलाच सोसावा लागतो. सांधा ही नळीची दुर्बल जागा होय. ती टाळण्याच्या प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तोफेची नळी
बीदर व गुलबर्गा येथील घडीव तोफांत लोखंडी पट्ट्या जुळवून त्यांवर तापलेली कडी चढविली जात. थंड होताना कडे आवळले जाई. तरीही तोफेत सांधे राहतच. निजामशाही अहमदनगरात १५४९ मध्ये रूमी कारागिराने ओतलेल्या सुमारे ५५ टनांच्या 'मलिक-ए-मैदान' तोफेत सांधा उरला नाही. मात्र ती तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची होती. पोलादाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

यंत्राचा घण
जर्मनीतील मानेसमान बंधूंनी १८८५ मध्ये तिरक्या रुळांत तप्त गज फिरवून तो पोकळ करण्याची पद्धती सिद्ध केली. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सीमलेस मेटल ट्यूब्ज या कंपनीने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे अशा सांधाविरहित नळ्यांचा कारखाना उभारला. २०२२ मध्ये ही कंपनी किर्लोस्कर फेरस समूहाकडे गेली.

अशा नळीला नेमका आकार देण्याची एक रीत म्हणजे रोटरी फोर्जिंग. नळीत कठीण दांडा घालून ती फिरवितात व भोवतीचे हातोडे वेगाने लहान-लहान आघात करतात. बाहेरून व्यास घटतो, आतून दांड्याचा आकार उमटतो. थंड घडाईत पृष्ठभाग गुळगुळीत होतो व पोलाद कठीण बनते; परंतु बळ अधिक लागते व धातूत ताण साचतो. कोमट घडाईत पोलाद मर्यादित तापवितात. त्यामुळे बळ कमी लागते, पण मापाची अचूकता काहीशी घटते. वाहनांचे पोकळ दंड व बंदुकीच्या नळ्या याच रीतीने घडवितात.

निष्कर्ष
आत दांडा व बाहेर घण हे तत्त्व लोहारालाही परिचित होते. तथापि आधुनिक पद्धती दख्खनच्या लोहारशाळेतून विकसित झाली नाही. ती युरोपातून आली. तत्त्वाचे साम्य म्हणजे परंपरेचे सातत्य नव्हे. कारागिराचे कौशल्य पोलाद, यंत्र व भांडवल यांच्याशी जोडले न गेल्यास ते किल्ल्यावरील अवशेषांपुरतेच उरते, हा या इतिहासाचा बोध होय.